परवाना नवा, काडतूस जुनं

अजिंठा, शिवना, गोळेगाव, फर्दापूर, सिल्लोड या पट्ट्यात ज्यांच्या घरी परवान्याचं शस्त्र आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. जिनिंगवाले, आडते, सराफ, पेट्रोलपंपवाले, बँकेच्या दारात बारा बोअर घेऊन उभे राहणारे माजी सैनिक, आणि रानडुकरांच्या त्रासाने कधीकाळी परवाना काढलेले शेतकरी, सगळेच यात आले. प्रश्न एकच आहे. तुमच्या रिव्हॉल्वरमधून किंवा पिस्तुलातून, आज घरात आहेत त्याच डब्यातली काडतुसं घालून, शेवटची गोळी कधी सुटली?

बहुतेक ठिकाणी आधी शांतता पसरते आणि मग कोणीतरी आबा हसत म्हणतात, "थोरल्याच्या लग्नात." थोरल्याची पोरं आता कॉलेजात असतात. लग्नात बार काढण्याचं म्हणाल तर ती हौस आता विसरा. २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. आनंदाच्या भरात निष्काळजीपणे गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आली. मांडवात उडवलेली गोळी कुठेतरी खाली पडतेच.

पण मुद्दा लग्नाचा नाही. दोन वर्षं बंद असलेली विहिरीवरची मोटार पहिल्याच बटणाला पाणी ओढेल, असं आपल्याकडचा एकही शेतकरी मानणार नाही. तोच माणूस कपाटात वीस वर्षं पडलेलं रिव्हॉल्वर मात्र वेळ आली की चालेल, असं धरून चालतो. कशाच्या बळावर? परवाना दर वेळी नवा होतो, म्हणून. परवाना कागदाचा आहे, तो कचेरीत नवा होतो. कपाटातली वस्तू तशीच जुनी होत राहते. माझं म्हणणं एवढंच, की ज्या काडतुसांवर तुमची भिस्त आहे त्याच काडतुसांनिशी, ज्या अवस्थेत शस्त्र घरात पडून असतं त्याच अवस्थेत, ते चालवून पाहिलेलं नसेल, तर तुमच्याकडे शस्त्र आहे असं समजू नका. तुमच्याकडे एक जबाबदारी आहे आणि एक भ्रम आहे.

अजिंठ्याच्या डोंगराने बंदुकांचे बरेच प्रकार पाहिलेत. २३ सप्टेंबर १८०३ ला इथून जवळच, भोकरदनच्या बाजूला, असईची लढाई झाली आणि इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेतले जखमी अजिंठ्याच्या कोटात आणून ठेवले गेले. २८ एप्रिल १८१९ ला मद्रासच्या घोडदळातला जॉन स्मिथ वाघाच्या शिकारीला वाघूर नदीच्या खोऱ्यात उतरला आणि त्याला लेणी दिसली. दहाव्या लेण्यात आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवण्याचा आगाऊपणाही तो करून गेला. त्या काळच्या बंदुका गारगोटीच्या होत्या. गारगोटी पोलादावर आपटायची, ठिणगी पडायची, बाहेरची दारू पेटायची आणि ती आतली दारू पेटवायची. या साखळीतला एक दुवा ओला झाला की बार फुसका. किती वेळा फुसका, हे १८३४ साली इंग्लंडात वुलिच इथे मोजलं गेलं. सर्व हवामानांत गारगोटीच्या बंदुकीतून ६,००० बार आणि घोडा आपटला की पेटणाऱ्या नव्या टोपीच्या बंदुकीतून ६,००० बार काढले. गारगोटीची बंदूक हजारात १५३ वेळा गप्प राहिली, टोपीची फक्त ६ वेळा. म्हणजे स्मिथच्या हातात होती तसल्या बंदुकीने वाघासमोर साधारण सहा-सात बारांत एकदा धोका दिला असता. शिकाऱ्याला हे ठाऊक असायचं. दारू कोरडी ठेवणं, गारगोटी बदलणं हा त्याचा रोजचा उद्योग होता. विश्वास कमी होता, म्हणूनच काळजी जास्त होती. आपलं आज नेमकं उलटं झालं आहे.

आधुनिक पिस्तुलाची परीक्षा कशी घेतात, याचा सगळ्यात गाजलेला नमुना मार्च १९११ चा आहे. अमेरिकी सैन्याला नवं पिस्तूल निवडायचं होतं. ब्राउनिंगने घडवलेल्या कोल्ट पिस्तुलातून दोन दिवसांत ६,००० गोळ्या झाडल्या गेल्या. दर शंभर गोळ्यांनंतर ते थंड होऊ द्यायचे आणि दर हजारानंतर साफ करून तेल द्यायचे. फारच तापलं तर पाण्याच्या बादलीत बुचकळायचे. ते एकदाही अडलं नाही आणि २९ मार्चला त्याची निवड झाली. लोक ६,००० हा आकडा लक्षात ठेवतात. मला त्यातली हजाराची अट महत्त्वाची वाटते. "हे पिस्तूल चालतं" असं तिथे कोणी नुसतं म्हटलं नाही. अमुक काडतुसं, अमुक गोळ्यांनंतर सफाई, इतक्या अटींवर ते चालतं, असं सिद्ध झालं. अटी काढून टाकल्या तर खात्रीही गेली.

आणि अटी पाळल्या नाहीत की काय होतं, तेही आपल्या देशाने टीव्हीवर पाहिलं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावर सुपौल जिल्ह्यात शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. मानवंदनेसाठी २२ रायफली उंचावल्या गेल्या आणि त्यातली एकही वाजली नाही. मुख्यमंत्री समोर उभे होते. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, उत्तर प्रदेशातल्या संभल जिल्ह्यात चकमकीच्या वेळी पोलिसाचं शस्त्र अडलं, तेव्हा त्याने तोंडानेच "ठांय ठांय" ओरडून वेळ मारून नेली. लोक पोट धरून हसले. मला त्या पोलिसाचं कौतुकच वाटतं, त्याने प्रसंगावधान तरी दाखवलं. ज्यांच्याकडे आर्मरर आहे, शस्त्रागार आहे, नोंदवह्या आहेत, त्यांची ही गत. महाराष्ट्राने तरी कोणत्या तोंडाने हसावं? पोलिसांना सरावासाठी पुरेशी काडतुसं मिळत नाहीत, ही गोष्ट २६/११ नंतरच्या राम प्रधान समितीच्या अहवालातही आली होती. मग शिवन्याच्या एखाद्या आडत्याच्या कपाटातल्या शस्त्राचं काय विचारायचं!

आता आपल्याकडचं शस्त्र नेमकं कशाने बिघडतं ते बघू.

पहिला नंबर काडतुसाचा. शस्त्र पोलादाचं असतं, ते दिसायला टिकाऊ असतं, म्हणून सगळं लक्ष त्याच्याकडे जातं. पण गोळी सुटते ती काडतुसाच्या बुडाशी असलेल्या बारीकशा टोपीमुळे. त्या टोपीतला मसाला दमट झाला, त्यात तेल झिरपलं किंवा काडतूस वर्षानुवर्षं उन्हाने तापत राहिलं, की तो हळूहळू मरतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो. पत्र्याखालच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात किंवा उभ्या गाडीच्या खणात तो किती चढत असेल? मग मृग लागतो आणि त्याच कपाटाच्या आतल्या बाजूला ओल धरते. असे पंधरा-वीस उन्हाळे-पावसाळे त्या डब्याने काढलेले असतात.

बारा बोअरची जुनी कागदी काडतुसं तर ओल लागली की फुगतात. ती नळीत जाता जात नाहीत आणि गेलीच तर निघता निघत नाहीत. पितळी काडतुसांवर हिरवट बुरशीसारखं काही दिसलं, गोळी पुंगळीत हलत असली, बुडाची टोपी वर आलेली दिसली, तर ते काडतूस बाजूला काढा. कानशीने घासून, पुसून, चमकवून परत डब्यात ठेवू नका. आणि काडतुसांना तेल तर कधीच लावू नका. शस्त्राला लागतं तर काडतुसालाही लावावं, असं वाटणारे भले लोक पुष्कळ आहेत. तेच तेल टोपीतून आत शिरून मसाला मारतं.

चामड्याच्या म्यानात किंवा पट्ट्यात शस्त्र आणि काडतुसं कायमची ठेवणं ही दुसरी मोठी चूक. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि चामड्याने धरलेली ओल, दोन्ही मिळून पोलादाला गंज आणि पितळेला हिरवा थर आणतात. म्यान बाहेर नेताना वापरायचं असतं, त्यात शस्त्राला वर्षभर मुक्कामी ठेवायचं नसतं.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे, कारण ती श्रद्धेची आहे. खंडेनवमीला आपण शस्त्रपूजा करतो. करावीच. पण हळद-कुंकू, अक्षता, पाण्याचा शिंतोडा आणि उदबत्तीची राख त्या बारीक यंत्रात जाऊन बसते आणि मग ते शस्त्र तसंच गुंडाळून कपाटात जातं, ते पुढच्या खंडेनवमीपर्यंत. रिव्हॉल्वरच्या चक्रीमागे काडतुसं बाहेर ढकलणारी एक चांदणी असते. तिच्याखाली कुंकवाचा नुसता थर बसला तरी चक्री घट्ट फिरते. कुंकू मुठीला लावा किंवा शस्त्राखालच्या पाटाला लावा. देवी रागावणार नाही.

आणि तेल. खोबरेल, गोडेतेल, एरंडेल असलं काहीही चालत नाही. असली तेलं हळूहळू चिकट होतात आणि धूळ धरून त्यांचं लुकण बनतं. कापूस पिंजण्याच्या दिवसांत जिनिंगमध्ये हवेतच तंतू उडत असतात. तिथे गल्ल्याखाली ठेवलेलं तेलकट पिस्तूल उघडून बघा, आत वाती वळलेल्या सापडतील. गन ऑइल मिळालं तर उत्तम, नाहीतर शिवणयंत्राचं हलकं खनिज तेल निभावून नेतं. तेही थेंबभर. पुसल्यावर बोटाला जेमतेम ओलसर लागेल इतकं पुरे. जास्त तेल म्हणजे जास्त काळजी, असं नसतं.

आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतं ते बत्तीस बोअर. सरकारी कारखान्यांनी या मापाचं रिव्हॉल्वरही दिलं आणि 'अशनी' नावाचं पिस्तूलही दिलं. २०१४ मध्ये कानपूरहून महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' हे हलकं रिव्हॉल्वर आलं, त्याची किंमत तेव्हा एक लाख बावीस हजारांच्या घरात होती. लाखभराची वस्तू घेणारा माणूस सरावाच्या डझनभर काडतुसांना मात्र महाग म्हणतो, हे मला आजवर उमगलेलं नाही. पण बत्तीस बोअर म्हटलं की आणखी एक घोळ असतो. रिव्हॉल्वरचं बत्तीस आणि पिस्तुलाचं बत्तीस ही वेगवेगळी काडतुसं आहेत. रिव्हॉल्वरचं काडतूस लांब असतं आणि त्याच्या बुडाला ठळक कड असते. पिस्तुलाचं आखूड असतं आणि मॅगझिनमधून वर सरकण्यासाठी त्याची कड अगदी जेमतेम ठेवलेली असते. एकाचं दुसऱ्यात घातलं आणि ते आत बसलं, म्हणजे चालतं असं नाही. डब्यावर काय लिहिलंय आणि शस्त्रावर काय कोरलंय, हे दोन्ही जुळवून बघा. बारा बोअरवाल्यांनीही नळीच्या घराची लांबी तपासावी. पासष्ट मिलिमीटरच्या जुन्या बंदुकीत सत्तरची काडतुसं आत जातात, पण ती उडताना दाब धोकादायक वाढतो.

दोन काडतुसांत असा काय फरक असणार, असं कोणाला वाटत असेल तर नेमबाजांकडे बघा. पन्नास मीटर रायफलवाल्या मोठ्या खेळाडूंचा एक खास उद्योग असतो. ते स्वतःची रायफल घेऊन काडतुसं बनवणाऱ्या कंपनीच्या चाचणी केंद्रावर जातात. बर्मिंगहॅमची एली किंवा जर्मनीतलं लापुआचं केंद्र, अशी ही ठिकाणं. एकाच प्रकारची, पण वेगवेगळ्या घाण्यातली काडतुसं ते आपल्या नळीतून झाडून बघतात आणि जो घाणा आपल्या नळीला मानवतो तोच साठा विकत घेतात. कोल्हापूरच्या मातीने राही सरनोबत आणि स्वप्निल कुसाळे दिले, त्यामुळे हा खेळ आपल्याला आता परका नाही. तिथे प्रश्न एक-दोन मिलिमीटरचा असतो, तुमचा प्रश्न फक्त वाजतंय की नाही एवढाच आहे. तरी रीत तीच लागू होते: शस्त्र आणि काडतूस ही जोडी म्हणून तपासायची, एकएकटी नव्हे.

आता तपासायचं कुठे? शेतात नाही, अजिंठ्याच्या घाटात नाही, जंगलाच्या कडेला तर नाहीच नाही. रोही किंवा रानडुक्कर पिकात शिरलं तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय गोळी झाडता येत नाही, मग नुसती "बघू वाजतंय का" म्हणून झाडलेल्या गोळीला कोण माफ करेल? ज्या रेंजला मान्यता आहे तिथेच हे काम करायचं. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत किंवा ग्रामीण पोलिसांकडे विचारा, रायफल क्लबमध्ये चौकशी करा, लेखी परवानगी घ्या. एकट्यादुकट्याने विचारलं तर कदाचित टाळाटाळ होईल. म्हणून माझं सुचवणं असं, की सिल्लोड तालुक्यातल्या परवानाधारकांनी मिळून वर्षातून दोन दिवस मागावेत. बँकांनी आपल्या सुरक्षारक्षकांसाठी या मागणीत सामील व्हावं. त्यांच्या दारातली बारा बोअर शेवटची कधी चालवली गेली, हे त्या शाखेतल्या साहेबांना विचारून बघा. उत्तर ऐकण्यासारखं असेल.

रेंजवर जाताना लोक हमखास एक गोष्ट करतात. आदल्या रात्री शस्त्र लख्ख साफ करतात, नवी काडतुसं घेतात आणि मग जातात. त्यातून काय कळलं? साफ केलेलं शस्त्र नव्या काडतुसांनी चालतं, एवढंच. चोर आला तर तो आदल्या रात्री कळवून येणार आहे का? म्हणून पहिली फैर कपाटातून काढलेल्या अवस्थेतच झाडायची, कपाटातल्याच काडतुसांनी. अट एकच: आधी शस्त्र रिकामं करून नळीतून आरपार उजेड दिसतो की नाही हे बघायचं. कुंभारीण माशीला असली भोकं फार आवडतात, ती नळीत मातीचं घर करून बसलेली असू शकते. नळी बंद असताना गोळी झाडली तर नळी फाटते. गंज दिसला, चक्री अडकत असली, चाप परत येत नसला, तर रेंज नंतर, आधी दुरुस्ती. दुरुस्तीसुद्धा परवानाधारक शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याकडेच. त्या कामाला कायद्याने वेगळा परवाना लागतो. गॅरेजमधला हुशार पोरगा कितीही हुशार असला तरी त्याच्यासमोर रिव्हॉल्वर खोलू नका.

रिव्हॉल्वर असेल तर चक्रीच्या सहाही घरांतून दोनदा, म्हणजे बारा गोळ्या. पाच घरं नीट आणि सहावं तेवढं नळीला नीट जुळत नाही, असं होऊ शकतं, म्हणून घरांवर खडूने खूण करून ठेवा. पिस्तूल असेल तर प्रत्येक मॅगझिन पूर्ण भरून दोनदा. पिस्तूल अडतं त्यात मॅगझिनचा दोष वारंवार निघतो. त्याचे ओठ वाकलेले असतात किंवा स्प्रिंग ढिली झालेली असते. मॅगझिनला एक-दोन असे नंबर टाका, म्हणजे दोष कोणाचा ते कळेल. झाडून झाल्यावर रिकाम्या पुंगळ्या गोळा करा. हिशेबासाठी त्या लागतातच, पण त्यांच्या बुडावरचा ठसाही बघा. ठसा खोल आणि मधोमध हवा. उथळ ठसा म्हणजे घोड्याची स्प्रिंग थकली आहे किंवा आत मळ साचला आहे. आज वाजलं, पण पुढच्या खेपेला वाजेलच असं नाही.

गोळी सुटली नाही तर लगेच शस्त्र वळवून आत डोकावू नका. तोंड लक्ष्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबा. कधीकधी मसाला उशिरा पेटतो. आणि आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, धक्का कमी जाणवला, तर तिथेच हात थांबवा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. दुसरी गोळी तिच्यावर जाऊन आदळली तर हात शाबूत राहणार नाही. शस्त्र रिकामं करून रेंजवरच्या जाणकाराकडे द्या.

बारा गोळ्या न अडता सुटल्या की माणूस खूश होऊन घरी येतो. व्हावं खूश, पण थोडंसंच. संख्याशास्त्रात तीनचा एक सोपा नियम आहे. ओळीने जितक्या वेळा बिघाड झाला नाही, त्या संख्येने तीनला भागायचं. बिघाडाचं खरं प्रमाण जास्तीत जास्त तितकं असू शकतं, असं शेकडा पंच्याण्णव खात्रीने म्हणता येतं. बारा गोळ्या नीट सुटल्या, तर तीन भागिले बारा. म्हणजे चारात एकदा अडणारं शस्त्रसुद्धा त्या दिवशी नशिबाने पास झालेलं असू शकतं. पन्नास सुटल्या तर शंभरात सहा. तीनशे सुटल्या तर शंभरात एक. आपल्या परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षात किती काडतुसं घेता येतील ते छापलेलं असतं. तीनशे गोळ्यांची चैन कोणालाच परवडणार नाही. मग उपाय काय? वही. दर सहा महिन्यांनी बारा म्हणजे वर्षाला चोवीस, पाच वर्षांत एकशेवीस. पाचही वर्षं एकदाही अडलं नाही तर प्रमाण शंभरात अडीचवर येतं. त्या वहीत तारीख, काडतुसाचा घाणा आणि डब्यावरचं वर्ष, गोळ्यांची संख्या, कोणतं घर किंवा कोणतं मॅगझिन अडलं, शेवटची सफाई कधी, एवढंच लिहायचं. मधे दुरुस्ती झाली किंवा काडतुसांचा प्रकार बदलला, तर मोजणी पुन्हा शून्यापासून. दुकानदार तुम्हाला जे सांगू शकणार नाही ते ही वही सांगेल.

सफाईचं वेळापत्रक आपल्या पंचांगातच बसतं, त्यासाठी वेगळं कॅलेंडर नको. गोळी झाडली की त्याच दिवशी सफाई, त्याला पर्याय नाही. एरवी वर्षातून दोनदा मोठी सफाई: एकदा मृग लागण्याआधी आणि एकदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. म्हणजे पूजेला शस्त्र स्वच्छ बसेल आणि पूजा झाली की पुन्हा एकदा पुसून ठेवायचं. जून ते सप्टेंबर मात्र महिन्यातून एकदा काढून कोरड्या फडक्याने पुसा आणि तेलाचा पुसट हात फिरवा. घामाची बोटं पोलादावर राहिली तर पावसाळ्यात चार दिवसांत त्या ठशांवर गंज धरतो. वर्षाकाठी एकदा तरी जाणकार दुरुस्तीवाल्याने ते उघडून बघावं. घरच्या घरी जितकं सहज निघतं तितकंच काढा. स्क्रूंना हात लावू नका.

रेंजच्या दोन फेऱ्याही याच दोन वेळांना लागून ठेवा, पण सफाईच्या आधी. क्रम लक्षात घ्या: आधी पडून राहिलेल्या अवस्थेत चाचणी, मग सफाई. जुनी काडतुसं सरावात संपवायची आणि त्यांच्या जागी नवी ठेवायची. आपल्याकडे हे अवघड असायचं कारण नाही. पुण्याजवळची खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ पासून चालू आहे आणि भुसावळजवळचा वरणगावचा कारखाना तर अजिंठ्याचा घाट उतरलं की फार लांब नाही. २०२१ पासून हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत. काडतुसांच्या मुलखात राहून विशीतल्या नातवाच्या वयाचं काडतूस जपून ठेवण्यात कसली कमाई?

निवडणुकीच्या काळात शस्त्रं ठाण्यात जमा होतात. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका लागोपाठ झाल्या. जमा करताना शस्त्राची अवस्था पावतीवर लिहून घ्या, नंबर जुळवा आणि परत आणल्यावर सरळ कपाटात ठेवण्याऐवजी त्या दिवशी उघडून पुसा. तिथे ते कोणत्या शस्त्राशेजारी, किती ओलीत होतं, कोणाला माहीत. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. कचेरीचे खेटे कमी झाले, हे बरं झालं. पण नूतनीकरणाच्या निमित्ताने तरी जे शस्त्र तीन वर्षांनी उजेडात यायचं, ते आता पाच वर्षं अंधारात राहायची सोय झाली.

आणि ज्यांना हे सगळं जमणार नाही, त्यांनी स्वतःला एकदा सरळ विचारावं की हे शस्त्र मला हवंय कशाला. बरेचदा प्रामाणिक उत्तर "वडिलांचं होतं म्हणून" किंवा "मान असतो म्हणून" असं येतं. त्यात काही लाज नाही. पण सांभाळायची तयारी नसेल तर ते परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात रीतसर जमा करता येतं, परवानगी घेऊन विकता येतं. २०१९ च्याच दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं अशी मर्यादाही घातली. तिसरं ठेवून बसलेले कोणी असतील तर त्यांनी आधी त्याचा निकाल लावावा.

नको असलेली, खराब झालेली काडतुसं विहिरीत टाकू नका, चुलीत तर नाहीच नाही, उकिरड्यावर फेकून पोरांच्या हाती लागू देऊ नका. ती विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात द्यायची आणि नोंद घ्यायची. वडील वारले आणि ट्रंकेत त्यांचं रिव्हॉल्वर सापडलं, असं झालं तर वारसांनी ते बाहेर काढून, चाप ओढून, भावाला दाखवून बघू नये. ते भरलेलं असतं, असंच धरून चालावं. ट्रंक बंद करा, अजिंठा ठाण्यात कळवा आणि त्यांच्याच माणसाकडून ते रिकामं करून घ्या. परवाना वडिलांच्या नावावर होता, तो मुलाकडे आपोआप येत नाही. वारस म्हणून अर्ज करायचा असेल तर तो नंतर, जिल्हाधिकारी कार्यालयात, मृत्यूचा दाखला आणि जुना परवाना जोडून.